रामानुजन यांची अटकळ आणि सिम्प्लेक्टिक गट

इ. स. १९१६ मध्यें केंब्रिज येथील फिलॉसॉफिकल सोसायटीच्या ग्रंथमालेंत श्रीनिवास रामानुजन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय वरवर पाहतां अगदीं रूक्ष होता. १ वजा क, १ वजा क चा वर्ग, १ वजा क चा घन, अशा अनंत अवयवांचा गुणाकार करावयाचा. त्या गुणाकाराचा चोविसावा घात घ्यावयाचा. त्याला आणखी एकदां क ने गुणावयाचें. आणि मग जी अनंत श्रेढी हातीं येईल तिच्यांतील क च्या एकेका घाताचा सहगुणक लिहून काढावयाचा. पहिला सहगुणक १ येतो, दुसरा वजा २४, तिसरा २५२, चौथा वजा १४७२, पांचवा ४८३० आणि सहावा वजा ६०४८. या सहगुणकांना रामानुजन यांनीं ग्रीक वर्णमालेंतील ‘टाऊ’ हें अक्षर दिलें.

हें कोष्टक पाहून दुसऱ्या एखाद्याने पान उलटलें असतें. रामानुजन यांना त्यांत दोन गोष्टी दिसल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या सहगुणकांचा गुणाकार केला तर नेमका सहावा सहगुणक मिळतो. आणि ज्या दोन संख्यांना समाईक विभाजक नाहीं अशा कोणत्याहि दोन संख्यांच्या बाबतींत हाच नियम चालतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. मूळ संख्या घेतली, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज जिला विभाजक नाहीं अशी संख्या घेतली, तर तिच्या जागचा सहगुणक त्या संख्येच्या साडेपांचाव्या घाताच्या दुपटीपलीकडे कधींहि जात नाहीं. २ या संख्येसाठीं ही मर्यादा सुमारें ९० येते, आणि सहगुणक चिन्ह सोडून २४ आहे. ५ साठीं मर्यादा चौदा हजारांच्या किंचित् खालीं येते, आणि सहगुणक ४८३० आहे. सिद्धता मात्र त्यांनीं दोहोंपैकीं एकीचीहि दिली नाहीं. पहिल्या नियमाची सिद्धता मॉर्डेल यांनीं पुढच्याच वर्षीं दिली. दुसऱ्या अटकळीला १९७४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं पिएर दलिन्य यांनीं ती सिद्ध केली, तेव्हां रामानुजन यांच्या मृत्यूला चौपन्न वर्षें झालीं होतीं.

बहुतेक चरित्रांत ही हकीकत येथें संपते. परंतु याच सुमारास दुसरी एक हकीकत घडत होती, आणि ती तितकीच मोलाची आहे. रामानुजन यांची मर्यादा त्यांच्या मूळ क्षेत्रांत खरी ठरली; त्याच क्षेत्राच्या लगतच्या, जरा मोठ्या क्षेत्रांत तिचा विस्तार केला तेव्हां ती मोडली. ती कोठें मोडली आणि कां मोडली हें समजून घेण्यासाठीं सिम्प्लेक्टिक गटांची ओळख करून घ्यावी लागते.

रामानुजन यांची श्रेढी हें एक मॉड्युलर रूप आहे. प्रतलाच्या वरच्या अर्ध्या भागावर वक्र कडांच्या त्रिकोणी फरशांची अनंत फरसबंदी केली आहे, अशी कल्पना करावी. एका फरशीवरून दुसरीवर नेणारीं जीं परिवर्तनें, त्यांचा एक गट होतो; दोन परिवर्तनें एकापुढें एक केलीं तर त्याच गटांतलें तिसरें मिळतें. मॉड्युलर रूप म्हणजे असें फलन कीं जें एका फरशीवर ठाऊक झालें कीं एका ठराविक नियमानें सर्व फरशांवर ठाऊक होतें. त्या नियमांत एक पूर्णांक असतो. त्याला त्या रूपाचा भार म्हणतात. टाऊच्या रूपाचा भार १२ आहे. फरसबंदीचें जें टोंक अनंताकडे निमुळतें होत जातें तेथें कांहीं रूपें शून्य होतात. तीं कस्प रूपें. टाऊचें रूप हें कस्प रूप असून त्या जातींतील सर्वांत धाकटें आहे.

आतां या गटाचें एक दुसरें वर्णन आहे. लांबी कायम राखणारीं परिवर्तनें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. वस्तु नुसती फिरविली तर तिची लांबी बदलत नाहीं. कांहीं परिवर्तनें मात्र लांबी राखीत नाहींत. तीं दोन दिशांमधील चिन्हयुक्त क्षेत्रफळ राखतात. दिशांची अदलाबदल केली कीं या क्षेत्रफळाचें चिन्ह उलटतें. दोन परिमाणांत असें क्षेत्रफळ एकच असतें, आणि तें राखणाऱ्या परिवर्तनांचा गट म्हणजेच वरच्या फरसबंदीमागें असलेला गट. चार परिमाणांत दोन क्षेत्रफळांची बेरीज राखावयाची असते, आणि मग जो गट मिळतो तो चार परिमाणांचा सिम्प्लेक्टिक गट. म्हणजे रामानुजन यांचें सारें काम या घराण्यांतील सर्वांत लहान गटावर झालेलें होतें, त्यांना त्या घराण्याचें नांवहि ठाऊक नसतांना.

नांव पुढें पडलें, आणि त्याची गोष्ट थोडी गमतीची आहे. वयाच्या सव्विसाव्या वर्षीं १८२९ सालीं मरण पावलेला नॉर्वेचा गणिती आबेल यानें संकलांचा जो नवा प्रदेश उघडला, त्याची पाहणी रीमान यांनीं १८५७ सालीं पुरी केली. मेदुवड्यासारख्या एका भोंकाच्या पृष्ठभागावर विवृत्तीय फलनें राहतात. दोन मेदुवडे एकमेकांस चिकटवावे तसा दोन भोंकांचा पृष्ठभाग घेतला तर एका संमिश्र संख्येच्या जागीं तीन संख्यांचें चौकोनी कोष्टक येतें, आणि पृष्ठभागावरचे वेढे निराळ्या रीतीनें निवडले कीं तें कोष्टक सिम्प्लेक्टिक गटाप्रमाणें बदलतें. या गटाला अमेरिकेंत डिक्सन यांनीं आबेलच्या नांवानें ओळखलें. इतरांनीं त्याला ‘कॉम्प्लेक्स’ गट म्हटलें. हेर्मान वाइल यांनाहि आरंभीं हेंच नांव पसंत होतें. पण कॉम्प्लेक्स म्हणजे संमिश्र संख्या असा समज सर्वत्र रूढ झाल्यामुळें घोटाळा होऊं लागला. तेव्हां १९३९ सालच्या आपल्या अभिजात गटांवरील ग्रंथांत त्यांनीं लॅटिन शब्द काढून त्याच अर्थाचा ग्रीक शब्द बसविला. दोहोंचा अर्थ एकच : एकत्र गुंफलेलें. पत्नी ज्यू असल्यामुळें नाझी राजवट येतांच वाइल यांना १९३३ सालीं गॉटिंगेन सोडून प्रिन्स्टनला यावें लागलें होतें. हा ग्रंथ इंग्रजींत निघाला याचें कारण तेंच.

मॉड्युलर रूपांना या मोठ्या गटांवर नेण्याचें श्रेय कार्ल लुडविग झीगेल यांचें. त्यांना तेथवर नेलें तें मात्र भूमितीनें नव्हे, अगदीं जुन्या अंकगणितानें. दिलेली संख्या चार वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारांनीं लिहितां येईल, हा प्रश्न याकोबी यांनीं विवृत्तीय फलनांच्या आधारें सोडविला होता : संख्येचे जे विभाजक ४ ने भागले जात नाहींत त्यांची बेरीज करून ८ ने गुणावी. ५ चे विभाजक १ आणि ५, बेरीज ६, उत्तर ४८. क्रम आणि चिन्हें निरनिराळीं धरून मोजलें तर हें उत्तर कोणालाहि पडताळून पाहतां येतें. झीगेल यांनीं १९३५ सालीं प्रश्नच मोठा केला. एखादी संख्या वर्गांच्या बेरजेंत किती प्रकारांनीं बसते, एवढेंच विचारून ते थांबले नाहींत. एक संपूर्ण वर्गरूप दुसऱ्या वर्गरूपांत किती प्रकारांनीं बसतें, हें त्यांनीं विचारलें. याकोबींच्या थीटा श्रेढीच्या जागीं आतां अनेक चलांची श्रेढी आली, आणि तिचीं चलें नेमकीं रीमान यांच्या कोष्टकांत बसलीं. १९३९ सालीं झीगेल यांनीं या नव्या फलनांची पद्धतशीर मांडणी केली. आज त्यांना झीगेल यांचीं मॉड्युलर रूपें म्हणतात. चार परिमाणांच्या गटाचीं तीं द्वितीय कोटीचीं.

झीगेल यांचा स्वभाव हेकट, पण कणा ताठ होता. पहिल्या महायुद्धांत लष्करी नोकरी नाकारल्याबद्दल त्यांना मनोरुग्णांच्या संस्थेंत ठेवण्यांत आलें होतें. ते स्वतः ज्यू नव्हते. तरीहि हिटलरच्या राज्यांत राहणें त्यांना असह्य झालें. १९४० च्या आरंभीं व्याख्यानांच्या निमित्तानें ते डेन्मार्क व नॉर्वेस गेले आणि जर्मन सैन्य नॉर्वेंत उतरण्यापूर्वीं अवघे कांहीं दिवस अमेरिकेच्या जहाजावर चढले. १९४३ सालीं अमेरिकेंतील एका नियतकालिकांत त्यांनीं जो प्रदीर्घ निबंध छापला त्याचें शीर्षक ‘सिम्प्लेक्टिक भूमिति’ असें होतें. वाइल यांचा शब्द आणि झीगेल यांची भूमिति, दोन्ही अशा रीतीनें परागंदा झालेल्या माणसांच्या हातून अमेरिकेंत रुजलीं.

या विषयाचा मुंबईशीं संबंध लवकर आला. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या वेळीं कुलाब्याच्या टोंकाला गेलेली नव्हती. अपोलो बंदरावर गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबाच्या इमारतींत तिचें बिऱ्हाड होतें. तेथें १९५४–५५ मध्यें जर्मन गणिती हान्स मास यांनीं झीगेल यांच्या मॉड्युलर फलनांवर व्याख्यानमाला दिली. पाठोपाठ खुद्द झीगेल वर्गरूपांवर बोलले. त्यांच्या व्याख्यानांचीं टिपणें के. जी. रामनाथन यांनीं तयार केलीं. १९५६ सालीं संस्थेनें झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. त्या परिषदेंतील आत्ले सेलबर्ग यांचा निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकांत छापला गेला आणि त्यांतील ट्रेस सूत्र पुढें या सर्व शास्त्राचें एक मुख्य हत्यार बनलें. सेलबर्ग यांनीं बाळपणीं रामानुजन यांच्याविषयीं वाचून गणिताचा ध्यास घेतला होता, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतांपर्यंत मॉड्युलर रूपें हीं फलनें होतीं. त्यांच्यामागें गटाचें जें नादशास्त्र दडलेलें आहे तें पुढें उघडकीस आलें. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे कानाला एक स्वर ऐकूं येतो. पण त्या नादांत अनेक शुद्ध घटक मिसळलेले असतात. गटावरील फलनांचेंहि असेंच विघटन करतां येतें, आणि ज्या घटकांचें पुढें विघटन होत नाहीं ते म्हणजे गटाचीं मूलभूत प्रतिरूपणें. रशियांत गेलफांद आणि फोमिन यांनीं १९५२ सालीं दाखविलें कीं मॉड्युलर रूपें हीं याच विघटनांतील घटकांचीं चिन्हें आहेत. हें विघटन सर्वसामान्य गटांसाठीं तडीस नेण्याचें प्रचंड काम एका भारतीयानें केलें. कानपूरला १९२३ सालीं जन्मलेले हरिश्चंद्र बंगलोरला भाभांच्या हाताखालीं आणि केंब्रिजला डिरॅक यांच्या हाताखालीं पदार्थविज्ञान शिकले, आणि मग प्रिन्स्टनला जाऊन गणितांत कायमचे रमले. ज्या प्रतिरूपणांना त्यांनीं विविक्त माला म्हटलें, त्यांतल्याच एका शाखेंत झीगेल यांचीं पुरेशा मोठ्या भाराचीं रूपें चपखल बसतात. भार हा मूळचा फरसबंदीच्या नियमांतील एक आंकडा. तोच आतां प्रतिरूपणाची ओळख ठरला.

दुसरी एक वाट क्वांटम यामिकींतून आली. स्थान आणि संवेग यांची जोडी ही सिम्प्लेक्टिक जोडी आहे. हायझेनबर्ग यांचे नियम न बिघडवितां तिच्यावर जीं परिवर्तनें करतां येतात तीं सिम्प्लेक्टिक गटाचीं असतात. त्यांतून त्या गटाचें, खरें म्हणजे त्याच्या दुपदरी आवरणाचें, एक विलक्षण प्रतिरूपण निघतें. डेव्हिड शेल यांनीं तें १९६२ सालीं पदार्थविज्ञानाच्या संदर्भांत मांडलें. १९६४ सालीं आन्द्रे वेय यांनीं तेंच अंकगणितांत आणून दाखविलें कीं याकोबींपासून झीगेलपर्यंतच्या साऱ्या थीटा श्रेढी या एका प्रतिरूपणाच्या पोटीं जन्मल्या आहेत. हे वेय तरुणपणीं, १९३० ते १९३२ या काळांत, अलीगढ विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक होते.

आतां अटकळीकडे परत वळूं. १९६५ सालीं अमेरिकेंतील बोल्डर येथें भरलेल्या परिषदेंत इचिरो साताके यांनीं रामानुजन यांची मर्यादा प्रतिरूपणांच्या भाषेंत उतरविली. प्रत्येक मूळ संख्येपाशीं मॉड्युलर रूपाचा एक स्थानिक घटक असतो. गटाच्या स्वतःच्या विघटनांत जीं प्रतिरूपणें स्वभावतःच येतात त्यांना संयत म्हणावें. मग रामानुजन यांची मर्यादा म्हणजे हा स्थानिक घटक संयत आहे, एवढेंच विधान उरतें. साडेपांचावा घात, दुप्पट, सारे आंकडे गळून पडले. विधान इतकें स्वच्छ झाल्यावर तें मोठ्या गटांनाहि लागू असावें अशी आशा वाटणें साहजिक होतें : कोणत्याहि गटाचें कस्प रूप सर्वत्र संयत असेल. चार परिमाणांचा सिम्प्लेक्टिक गट ही या आशेची पहिली खरी कसोटी होती.

ती कसोटी दोन बाजूंनीं लागली. मद्रासला जन्मलेल्या भामा श्रीनिवासन यांनीं १९६८ सालीं चार परिमाणांच्या सांत सिम्प्लेक्टिक गटांचें कोष्टक प्रसिद्ध केलें. संख्यांच्या जागीं एखाद्या विषम मूळ संख्येनें भागून उरणाऱ्या बाक्या घेतल्या कीं गट सांत होतो. ३ घेतले तर त्यांत ५१,८४० परिवर्तनें असतात. अशा गटाच्या सर्व मूलभूत प्रतिरूपणांचीं लक्षणें काढणें हें अतिशय चिकाटीचें काम. त्या कोष्टकांत थीटा-१० अशी खूण केलेलें एक प्रतिरूपण आहे. ३ च्या बाबतींत त्याचें परिमाण ६, ५ च्या बाबतींत ४०. लहान उपगटांपासून घडवून आणण्याच्या नेहमींच्या रीतीनें तें मिळत नाहीं, आणि तरीहि तें गटाच्या अत्यंत साध्या कुळांतलें आहे. कोष्टकाच्या एका ओळीला दिलेली ही खूण पुढें गणितांत विशेषनाम होऊन बसेल असें त्या वेळीं कोणालाच वाटलें नसावें.

१९७७ च्या उन्हाळ्यांत ओरेगॉन संस्थानांतील कॉरव्हॅलिस येथें या विषयाची मोठी परिषद भरली. तिच्या वृत्तांतांत रॉजर हौ आणि नुकतेच सोव्हिएट रशिया सोडून आलेले प्यातेत्स्की-शापिरो यांनीं एक प्रतिउदाहरण दिलें. वेय यांच्या प्रतिरूपणाच्या साहाय्यानें त्यांनीं एका अगदीं लहान गटावरून सिम्प्लेक्टिक गटावर रूपें चढविलीं, आणि एका ठिकाणीं थीटा-१० पासून घडविलेला घटक येईल अशी योजना केली. त्या एका घटकामुळें रूप कस्प ठरलें; इतर बहुतेक सर्व मूळ संख्यांपाशीं मात्र तें असंयत निघालें. सर्वसामान्य स्वरूपांतली अटकळ खोटी ठरली.

दुसरी बाजू जपानांतून आली, आणि ती अधिक डोळ्यांत भरणारी आहे, कारण तेथें कोणतीहि मुद्दाम केलेली योजना नव्हती. द्वितीय कोटीच्या कस्प रूपांत सर्वांत धाकट्या रूपाचा भार १० आहे. नोबुशिगे कुरोकावा यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत अशा रूपांचे मूळ संख्यांच्या जागचे आंकडे तपासले. २ च्या जागचा आंकडा २४० येतो. हा २४० कोठून आला? २ चा नववा घात ५१२. आठवा घात २५६. आणि रामानुजन यांच्या जुन्या, एका चलाच्या जगांत भार १८ चें जें एकुलतें एक कस्प रूप आहे त्याचा दुसरा सहगुणक वजा ५२८. तिघांची बेरीज २४०. प्रत्येक मूळ संख्येपाशीं हाच हिशेब जुळतो. म्हणजे द्वितीय कोटीचें हें रूप स्वतंत्र नाहींच. तें लहान गटावरून वर चढविलेलें आहे, आणि चढतांना आपल्याबरोबर मूळ संख्येचा नववा व आठवा घात घेऊन आलें आहे. रामानुजन यांच्या मर्यादेचा विस्तार खरा असता तर आंकडा साडेआठाव्या घाताच्या चौपटींत राहावयास हवा होता. नववा घात तेथें एकटाच शेवटीं मर्यादा फोडतो.

येथें एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. मर्यादा नक्की फुटते हें दाखवावयाचें तर भार १८ च्या रूपाचा सहगुणक नवव्या घाताला खाऊन टाकणार नाहीं याची हमी हवी. आणि ती हमी दलिन्य यांच्या प्रमेयानें, म्हणजे रामानुजन यांच्याच मूळ मर्यादेनें मिळते. हिशेब केला तर ३७ व त्यापुढील एकूणएक मूळ संख्यांपाशीं मर्यादा ओलांडली जाते. लहान गटांत अटकळ खरी आहे म्हणूनच मोठ्या गटांत ती खोटी आहे.

कुरोकावा आणि स्वतंत्रपणें हिरोशी साइतो यांनीं असा चढाव नेहमींच असतो असें अनुमान केलें. त्याची सिद्धता १९७९ ते १९८१ या काळांत मास, आंद्रियानॉव आणि झागिए यांच्या लेखनांतून पूर्ण झाली. यांपैकीं मास म्हणजे तेच, पंचवीस वर्षांपूर्वीं अपोलो बंदरावर याच रूपांवर व्याख्यानें दिलेले. १९८३ सालीं प्यातेत्स्की-शापिरो यांनीं तोच चढाव वेय यांच्या प्रतिरूपणांतून पुन्हां काढून दाखविला, तेव्हां थीटा-१० ची कृत्रिम वाटणारी करामत आणि कुरोकावांचे निर्व्याज आंकडे या एकाच कुळांतल्या दोन गोष्टी असल्याचें स्पष्ट झालें. मोठ्या गटाचीं कांहीं रूपें लहान गटांच्या सावल्या असतात, आणि असंयतपणा हा सावलीचा गुण आहे. या सावल्यांची संपूर्ण वर्गवारी हें पुढच्या पिढीचें काम झालें. सिम्प्लेक्टिक व त्यांच्या जोडीच्या गटांसाठीं जेम्स आर्थर यांचा ग्रंथ २०१३ सालीं प्रसिद्ध झाला.

सावल्या वगळल्यावर काय उरतें? द्वितीय कोटीच्या ज्या रूपांना असा उसना वारसा नाहीं, त्यांच्यासाठीं रामानुजन यांची मर्यादा खरी असल्याचें जर्मनींतील राइनर वाइसाउअर यांनीं या शतकाच्या आरंभीं सिद्ध केलें. परंतु अशीं रूपें आरंभीं दृष्टीसच पडत नाहींत. सम भारांचीं, संपूर्ण पूर्णांकी गटाचीं रूपें क्रमानें मोजीत गेलें तर भार १०, १२ आणि १४ यांचीं एकेक आणि १६ व १८ यांचीं दोन दोन कस्प रूपें मिळतात, आणि हीं सातहि रूपें खालून वर चढलेलीं आहेत. भार २० पाशीं तीन मिळतात; त्यांतील दोन चढलेलीं. तिसरें मात्र या रांगेंतील पहिलें असें रूप आहे कीं जें कोणत्याहि लहान गटाकडून आलेलें नाहीं, आणि रामानुजन यांची मर्यादा तें प्रत्येक मूळ संख्येपाशीं पाळतें.